विशेषणालाच भूतकाळ? जपानी व्याकरणातील एक शंका

प्रश्न (शिरोलीकर):
मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो आणि डिसेंबरमधील एन-५ (जपानी भाषेची सर्वांत प्राथमिक पातळीची) परीक्षेची तयारी रात्री घरी बसून करीत आहे. 'चप्पल महाग होती' यासाठी मी 'ताकाइ देशिता' असे लिहिले, तर ते चुकीचे ठरले. मात्र 'शिझुका देशिता', म्हणजे 'शांत होते', हे बरोबर मानले गेले. दोन्ही विशेषणेच असताना असा भेद का? शिवाय 'काएरु' (परतणे) या क्रियापदाचे आदरार्थी रूप 'काएमास' होत नाही, याचेही कारण कळलेले नाही.

उत्तर (राजारामपुरीतील शिक्षिका):
आपली चूक मराठी माणसाची हमखास होणारी चूक आहे. मराठीत 'महाग' जागचे हलत नाही आणि काळ 'होती' हे क्रियापद दाखवते. जपानीत मात्र 'इ' गटातील विशेषण स्वतःच क्रियापदासारखे चालते, म्हणून शेवटचा 'इ' जाऊन 'ताकाकात्ता' होते आणि नकारार्थी 'ताकाकुनाइ'. त्यापुढचे 'देस' ('देशिता' हे त्याचेच भूतकाळी रूप) केवळ आदरासाठी असते, त्यामुळे भूतकाळातही ते 'देस'च राहते. 'शिझुका' हे 'ना' गटातील असल्यामुळे ते नामासारखे वागते. नामापूर्वी 'शिझुका ना' असे येते आणि काळाचा भार 'देशिता'वर पडतो. 'चांगला' याअर्थीचे 'इइ' तेवढे आडमुठे आहे : त्याचे 'योकात्ता' आणि 'योकुनाइ' होते.

'काएरु'विषयी सांगायचे, तर 'ताबेरु' (खाणे) यातील 'रु' काढून 'ताबेमास' करता येते. पण 'काएरु' दिसायला तसेच असले तरी 'नोमु-नोमिमास' (पिणे) या पहिल्या गटात मोडते, म्हणून त्याचे 'काएरिमास' होते. अशा शब्दांचे नकारार्थी रूप सोबतच पाठ करावे : 'ताबेनाइ', परंतु 'काएरानाइ'. 'किरु' तर दोन आहेत. कापणे असेल तर 'किरिमास' आणि अंगात घालणे असेल तर 'किमास'.

उत्तर (रंकाळ्याकाठचा):
ताईंच्या उत्तरात एवढीच भर घालतो की, क्रियापदांच्या बाबतीत मराठी माणसाने घाबरण्याचे कारण नाही. 'जातो', 'जाते', 'जातात' या सर्वांना एकच 'इकिमास' पुरते, आणि 'मी उद्या पुण्याला जातो' असे आपण भविष्याविषयी जसे सहज बोलतो, तसेच 'इकिमास' उद्यासाठीही चालते. क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवण्याची सवय तर आपल्याला लहानपणापासूनच आहे.

शिरोलीकर:
दोघांचेही आभार. पडताळून पाहावे म्हणून दोन वाक्ये लिहिली आहेत : 'किनोउ नो रस्सा वा काराकात्ता देस', म्हणजे कालचा रस्सा तिखट होता, आणि 'रंकाळा वा किरेकात्ता देस', म्हणजे रंकाळा सुंदर होता.

राजारामपुरीतील शिक्षिका:
रश्श्याचे वाक्य अचूक आहे आणि 'कालचा'मधील 'चा'साठी 'नो' आपण बरोबर योजला आहे. रंकाळ्याच्या वाक्यात मात्र आपण फसलात. 'किरेइ' 'इ'ने संपत असले तरी ते 'ना' गटातील आहे. 'ताकाइ'मधील 'इ' कांजी (चित्रलिपी) अक्षराबाहेर हिरागानात, म्हणजे उच्चारानुसारी लिपीत, लिहिला जातो, म्हणून तो बदलू शकतो. 'किरेइ'मधला 'इ' मात्र कांजीच्या उच्चारातच सामावलेला असल्याने तो सुटत नाही. म्हणून 'किरेइ देशिता'. 'नावडता' याअर्थीचे 'किराइ' हेही 'ना' गटातच आहे. तेवढे वहीत त्याच पानावर टिपून ठेवावे.