मदत हवी आहे: हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) गेलेला खेळाडू परत कधी उतरवायचा?

डिचोलीकडची आमची गावची फुटबॉल टीम, पोरं १६च. त्यातल्या तिघांचा हॅमस्ट्रिंग गेलाय. डावा विंगर दहाव्या दिवशी "आता दुखत नाही" म्हणाला, मी उतरवला, आणि एका धावेत मांडी धरून खालीच बसला. चूक माझीच. डॉक्टर म्हणतात स्नायू थोडा फाटलाय, तुटलेला नाही. बर्फ, पट्टी, विश्रांती सगळं झालं. दुखापती टाळण्यासाठीचा फिफा ११+ चा २० मिनिटांचा वॉर्मअप आता सुरू केलाय, त्यातला नॉर्डिकही (गुडघ्यांवर उभं राहून, घोटे कुणीतरी धरून, हळूहळू पुढे झुकायचा हॅमस्ट्रिंगचा व्यायाम). फिजिओ नाही, सराव आठवड्यातून तीनदा, मैदान सध्या दगडासारखं. स्टॉपरला (मधल्या बचावपटूला) विंगवर ढकललाय, म्हणून मागे गोल खातोय.

परत उतरवण्याआधी मैदानावरच घेता येईल अशी नेमकी चाचणी कोणती? आणि मॅच रविवारी असेल, तर पाय जड न होता नॉर्डिक कुठल्या दिवशी घ्यायचं?