नवऱ्याला न दुखावता कसं सांगू?

प्रश्न (नाशिककरीण): ठरवून झालेलं लग्न, मी एकोणतीस, तो एकतीस. जीव आहे एकमेकांवर. पण चुंबन घेताना तो घाई करतो, माझा चष्मा मध्ये येतो, दाढीचे खुंट टोचतात, श्वास कोंडतो.

मुक्ताई: अगं, त्या क्षणी चूक काढू नकोस. रात्री शतपावली करताना सांग, "तू सावकाश घेतलंस ना, की मला फार आवडतं." मी असंच सांगितलं होतं, ह्यांना आनंदच झाला. चष्मा आधीच काढून ठेव. ओठ सैल सोड, श्वास नाकाने घे. सर्दी असेल त्या दिवशी कपाळावर घ्यावं, तेही गोड असतं. आणि दोघांनी आपापल्या उजवीकडे मान कलवली की नाकं आपटत नाहीत. २००३ साली 'नेचर' ह्या विज्ञान नियतकालिकात आलेल्या निरीक्षणात सुमारे दोन-तृतीयांश जोडपी उजवीकडेच कलताना दिसली होती.

दाढीवाला: दोन-तीन दिवसांचे खुंट सगळ्यात वाईट. रोज करावी, नाहीतर सरळ वाढवावी. लसणाचा वास रक्तातून फुप्फुसांवाटे येतो, नुसत्या ब्रशने जात नाही. ठेचा असेल तर दोघांनीही खा.

नाशिककरीण: दाढीचं आजच सांगते. सासूबाई बाहेरच्याच खोलीत असतात, म्हणून तर घाई नसेल ना?

मुक्ताई: बहुतेक तेच. आधी कडी लाव, पंखा मोठा कर. मग त्याला म्हण, आज कुठेही जायचं नाहीये.