नूतनने स्वतः गायलेली आणखी गाणी आहेत का?

रेडिओवेडी:
परवा रात्री पोळ्या लाटताना मोबाइलवर जुनी गाणी लावून ठेवली होती, एकामागून एक आपोआप चालू होती, आणि मध्येच 'ऐ मेरे हमसफर' लागलं. पहिल्या ओळीलाच लाटणं हातात तसंच राहिलं. आवाज लताचा नाही, आशाचा नाही, गीता दत्तचाही नाही, मग कोणाचा? पिठाच्या हातानेच स्क्रीन पाहिली तर नूतन!! १९६० चा 'छबिली'. मी लहानपणापासून तिची फॅन, 'बंदिनी' किती वेळा पाहिलाय सांगता येणार नाही, आणि ही बाई गायची हे मला चाळिशीत कळावं? तेव्हापासून दिवसातून चार-पाच वेळा ऐकतेय. आवाज फार मोठा नाहीये, पण ती बोलते ना तसंच गाते, शब्द अगदी जवळून कानात सांगितल्यासारखा येतो. अजून कुठली गाणी असतील तर प्लीज सांगा.

गिरगावचा_भाचा:
ताई, त्याच सिनेमातलं 'लहरों पे लहर' लगेच ऐका, हेमंतकुमारांबरोबर आहे. त्यांचा तो खोल, भरदार आवाज आणि शेजारी हिचा कोवळा, पण कुठे दबून जात नाही. संगीत आपल्या स्नेहल भाटकरांचं. त्यांचं खरं नाव वासुदेव, मुलीच्या नावावरून स्नेहल घेतलं, आणि अभिनेते रमेश भाटकर त्यांचे चिरंजीव. लोकांना त्यांचं 'कभी तन्हाइयों में यूँ' तेवढं माहीत असतं, पण नूतनकडून गाऊन घेतलं हे त्यांचं केवढं मोठं काम आहे! गळ्याला जड होईल अशी एक जागा चालीत ठेवलेली नाही.

जुनी_तबकडी:
त्याच्याही दहा वर्षं आधीचं आहे. 'हमारी बेटी', १९५०. आई शोभना समर्थ यांनीच काढलेला, नूतनचा नायिका म्हणून पहिला सिनेमा, चौदा वर्षांची पोर होती ती. त्यात 'तुझे कैसा दूल्हा भाये रे' तिनेच गायलंय आणि संगीत तेव्हाही भाटकरांचंच. दोन्ही गाणी पाठोपाठ ऐकून बघा, आवाज वयात आलेला कळतो.

सूरदासी:
मी गाणं शिकते म्हणून एक सांगते, 'सीमा'मधलं 'मनमोहना बडे झूठे' परत बघा. गायलंय लतादीदींनी, राग जयजयवंती आहे, पण बघताना नूतनच्या गळ्याकडे लक्ष ठेवा. तान सुरू व्हायच्या आधी ती श्वास घेते, आणि तान जिथे वळते तिथे तिचा गळा हलतो. नुसते ओठ हलवणारीला हे जमणार नाही, ज्याने सूर स्वतः लावलाय त्यालाच श्वास कुठे घ्यायचा ते कळतं. आमच्या बाई हे गाणं आम्हाला आवाज बंद करून बघायला लावायच्या.

रेडिओवेडी:
सगळ्यांचे खूप खूप आभार! 'लहरों पे लहर' आत्ता तीनदा ऐकलं. आईला फोन लावून फोनवरच ऐकवलं, कोण गातंय ओळख म्हटलं, तिला नाही ओळखता आलं, आणि नाव सांगितल्यावर ती काही बोललीच नाही थोडा वेळ, मग म्हणाली परत लाव. @सूरदासी, 'सीमा' आज रात्री आवाज बंद करून बघणार आहे.