मोरीच्या डिझाइनला २०५० चा पाऊस किती धरायचा? क्लायमेट मॉडेलवर कितपत विसंबायचं?

रस्तेवाला_कोकण:
नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यात ग्रामीण रस्त्यांची कामं करतो, त्यात मोऱ्या आणि साकव बरेच. आत्ताच्या एका कामात कन्सल्टंटने क्लायमेट मॉडेलवरून (पुढचं हवामान कॉम्प्युटरवर गणिताने काढतात ते) रिपोर्ट दिलाय, त्यात २०५० साली आमच्या तालुक्यात पाऊस किती टक्के वाढणार ते दशांशापुढे दोन आकड्यांपर्यंत लिहिलंय. त्यावरून मोरीतल्या ह्यूम पाइपचा (सिमेंट काँक्रीटचा गोल पाइप) व्यास ठरवायचा का? मोठा धरला तर खर्च वाढतो, कमी पडला तर रस्ता तुटतो आणि वाडीवरच्या पेशंटला बाहेर काढायची सोय राहत नाही. साइटवर काही जण म्हणतात मॉडेल म्हणजे सगळ्या थापा, मला तसं नाही वाटत, पण त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं?

वातावरण_वाचक:
थापा अजिबात नाहीत. मनाबे आणि वेदराल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी १९६७ मध्येच मॉडेलवरून सांगितलं होतं की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान सुमारे २.३ अंशांनी वाढेल, आणि जमिनीलगत तापत असताना स्ट्रॅटोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा थर, मात्र थंड होईल. नंतर मोजलं तर तसंच होतंय. मनाबेंना २०२१ चं नोबेल मिळालं. १९९१ ला फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटल्यावर जग साधारण अर्ध्या अंशाने थंड होईल हेही नासाचे हवामानशास्त्रज्ञ हॅन्सन यांच्या टीमने आधीच सांगितलं आणि जवळपास तेवढंच झालं. म्हणजे जगाच्या तापमानाबद्दल मॉडेल बोलतं तेव्हा ऐका. पण दादा, तुमचा प्रश्न एका ओढ्याचा आहे.

घाटमाथा:
तेच. जागतिक मॉडेल पृथ्वीचे चौकटींत तुकडे करून गणित करतं, त्यातली एक चौकट साधारण १०० किलोमीटरची. त्यात रत्नागिरीचा किनारा, आंबा घाट आणि पलीकडचं शाहूवाडी सगळं एकत्र येतं, सह्याद्रीचा कडा सपाट होऊन नुसता उतार उरतो आणि घाटात ढग अडून जो पाऊस पडतो तो बराचसा तिथेच हरवतो. ढग तर चौकटीपेक्षा कितीतरी लहान, ते सूत्राने अंदाजे धरतात. मग तालुक्याचा आकडा काढायला वर अजून एक गणित चढवतात, त्यातून दशांश येतात पण खात्री वाढत नाही.

शिवाय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल बघा. १९५१ ते २०१५ मध्ये मान्सूनचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि घट ठळक दिसते ती गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात! पुढच्या काळासाठी मात्र मॉडेलं वाढ दाखवतात. हे परस्परविरोधी वाटतं पण कारण आहे, धूर-धुळीच्या कणांनी ऊन अडवून मान्सून कमजोर केला असं त्यात म्हटलंय. पुढे हे कण किती कमी होतील ते धोरणावर अवलंबून, ते मॉडेल स्वतः ठरवू शकत नाही.

पर्जन्यमापक:
मोरीला वर्षाचा एकूण पाऊस नकोच मुळी, तासाभरात किती कोसळतो ते हवं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७० च्या आसपास, एकाच शहरात! हे कुठलंही जागतिक मॉडेल २०५० साठी जागेवर बोट ठेवून सांगणार नाही. पण हवा एक अंश तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते हे पक्कं भौतिकशास्त्र आहे, म्हणून जोरदार सरी अजून जोरदार होणार ही दिशा धरून चाला.

मी असतो तर जवळच्या केंद्राची तासातासाची जुनी नोंद मिळवून त्यावर पीक डिस्चार्ज (ओढ्याला एका वेळी येणारं जास्तीत जास्त पाणी) काढला असता, मग पाऊस ७, १५, २५ टक्के वाढवून बघितलं असतं की व्यास कुठे बदलतो. कन्सल्टंटला विचारा किती मॉडेलं घेतली, त्यांच्यात फरक किती, आणि त्या मॉडेलांना मागे खरोखर पडलेला पाऊस बरोबर दाखवता येतो का. एकच आकडा देत असेल तर परत पाठवा.

रस्तेवाला_कोकण:
हे बरं सांगितलंत. १५ टक्क्यांपर्यंत पुढच्या मापाचाच पाइप लागेल, २५ ला बॉक्स (काँक्रीटची चौकोनी मोरी) करावा लागेल असं वाटतं.

पर्जन्यमापक:
मग बॉक्सच बघा साहेब. तुमच्याकडे ओंडके आणि पालापाचोळा अडकून पाइप तसाही तुंबतो. आणि पाणी वरून गेलं तरी भराव वाहून जाऊ नये म्हणून खालच्या बाजूला पिचिंग (उतारावर दगड बसवणं) नक्की धरा, हे कुठल्याही मॉडेलचा आकडा आला तरी लागणारच.