छापलं कोणी तेही बघा
आजचे कवी एकमेकांच्या पोस्टवर 'क्या बात' टाकण्यापलीकडे काही करत नाहीत असं कोणीतरी म्हटलंय, ते अर्धंच पटलं, संमेलनात आपली कविता झाली की चपला शोधणारे मीही बघितलेत. पण नव्वदनंतरची मराठी कविता छापली कोणी ते बघा ना, हेमंत दिवटेंनी 'अभिधानंतर' हे नियतकालिक चालवलं, मंगेश नारायणराव काळेंनी 'खेळ' हे नियतकालिक, दोघंही स्वतः कवीच.

मी एका छोट्या अनियतकालिकाची प्रुफं वर्षभर तपासलीयत, तिथले संपादकही कवी, रात्री जेवण झालं की ताटं बाजूला सरकवून तिथेच पाकिटांवर पत्ते लिहीत बसायचे, एकेक पत्ता हाताने, आणि या सगळ्यात त्यांचा स्वतःचा संग्रह दोन वर्षं तसाच पडून होता (घरचे वैतागलेले ते वेगळंच).