टायरवर छापलंय तेवढी हवा? आणि जाड टायरचं खूळ

स्विंगआर्म:
'रबरप्रेमी' यांनी काल तीन सल्ले दिले. हवा टायरच्या बाजूला छापलेली असते तेवढी भरावी. मागे एक-दोन नंबर जाड टायर टाकावा, पकड वाढते. आणि पाऊस असेल तर दोन्ही चाकांतली हवा पाच-सहा पीएसआयने (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप) उतरवावी. खाली अंगठ्यांची रास. नवीन गाडी घेतलेली पोरं हे वाचून लगेच करून मोकळी होतात, म्हणून लिहायला बसलो.

टायरवरचा आकडा म्हणजे कमाल ओझं पेलताना त्या टायरची कमाल हवा. टायर बनवणाऱ्याला तुमची गाडी किती किलोची, मागे कोण बसतं, काही ठाऊक नसतं. गाडी बनवणाऱ्याला असतं, म्हणून चेनकव्हरवर नाहीतर स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, स्टिकर असतो आणि त्यावर पुढचा, मागचा, एकट्याचा, डबलसीटचा असे वेगळे आकडे. पुढे 25 सांगितलेली असताना टायर वाचून 41 भरली की रस्त्याला टेकतो फक्त मधला चिंचोळा पट्टा. खडबडीत रस्त्यावर ब्रेक दाबून बघा, चाक टणाटण उडतं. टायर मधोमध झिजतो आणि मग शिव्या कंपनीला.

आणि तो आकडा गार टायरचा. गाडी तीनेक तास उभी असावी, नाहीतर जेमतेम दोन-तीन किलोमीटर चाललेली. 25 अंशांना 28 भरलेला टायर पळून आतली हवा 55 अंशांवर गेली की 32 दाखवतो. 'जास्त झाली' म्हणून तिथे कुणी 28 वर आणली, की गार झाल्यावर उरते 24. ही चूक चांगले चांगले करतात.

रबरप्रेमी:
प्रवचन आवडलं. मी वर्षानुवर्षं अशीच चालवतोय आणि अजून हातपाय जागेवर आहेत. मागे 100/90-17 (100 मिलिमीटर रुंद, उंची रुंदीच्या 90 टक्के, 17 इंची रिम) होता, आता 130/70-17 आहे. वळणावर गाडी रुळावरून चालल्यासारखी जाते. आणि उंची वाढते, स्पीडोमीटर चुकतो वगैरे सांगू नका. 100 चे 90 टक्के 90 मिलिमीटर, 130 चे 70 टक्के 91. गणित मलाही येतं.

खडीवाट:
उंचीचं गणित बरोबर. रिमचं काय? मूळ रिम 2.15 इंचाची असेल तर 130 चा टायर त्यावर चिमटला जातो, कडा आत ओढल्या जातात आणि माथा टोकदार होतो. म्हणजे रुंद टायरचे पैसे देऊन सरळ चालताना अरुंद पट्ट्यावर बसायचं. वळताना गाडी आधी अडते, मग एकदम कलते. त्यालाच बरेच जण 'रुळावर' म्हणतात. चेन टायरला घासतेय का तेही बघा, आतल्या बाजूला चकचकीत पट्टा दिसेल.

रबरप्रेमी:
घासत नाही. बघितलंय. (चेनकव्हर थोडं वाकवावं लागलं, पण तो वेगळा विषय.)

खडीवाट:
अरे वा! कव्हर वाकवलं, पण टायर जाड नाही झाला.

निवांत_स्वार:
टायर घेताना तारीख बघा म्हणून कुणीच का सांगत नाही? टायरच्या बाजूला DOT (डॉट) अक्षरांनी सुरू होणारा शिक्का असतो, त्यातले शेवटचे चार आकडे. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. मला एका दुकानात 'नवीन माल' म्हणून दिलेला टायर चार वर्षं गोदामात पडलेला निघाला. विचारलं तर म्हणे, रबराला काय होतंय! मला तर दुसराच धागा काढावासा वाटतो.

स्विंगआर्म:
काढा, नक्की काढा. इथे आधी पावसाचं. हवा कमी केली की टायर जमिनीवर जास्त पसरतो हे खरं, पण खाचा मिटतात आणि पाणी बाहेर जायला वाट राहत नाही. नासाने 1960 च्या दशकात विमानांच्या टायरवर चाचण्या केल्या होत्या. टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. दाब कमी, तर तरंगणं लवकर.

रबरप्रेमी:
आता विमान आलं. मोटरसायकलचा टायर गोल असतो साहेब, तो पाणी कापत जातो. रेसवाले कमी हवेवरच पळवतात, त्यांना तुमच्यापेक्षा कमी कळतं का?

स्विंगआर्म:
गोल टायर उशिरा तरंगतो, मान्य. तेवढं तुमचं खरं. म्हणून हवा उतरवायची हे कुठून निघालं? रेसचं म्हणाल, तर मोटोजीपीत 2024 साली पुढच्या टायरला किमान 1.8 बार, म्हणजे 26 पीएसआय, असा नियम होता. तोही शर्यत चालू असताना, तापलेल्या टायरमध्ये मोजायचा. ते टायर आधी ब्लँकेट गुंडाळून तापवलेले असतात. तुम्ही बाजारात जाताना गुंडाळता का?

धूळधाण:
मी टायरमध्ये पंक्चर आपोआप बुजवणारं जेल भरून टाकलंय. पंक्चर नाही, हवा उतरत नाही, तुमचे हे वाद नाहीत. सगळ्यांनी भरा आणि शांत झोपा.

टोच्या:
आलं का जेल! मी पंक्चर काढतो, हाच धंदा आहे. जेलवाला टायर रिमवरून उतरवला की आत हिरवा चिखल, हात बरबटतात, पॅच बसत नाही. आधी सगळं धुवा, पुसा, वाळवा, मग घासा. परवाच एकाचा टायर आला. 'हवा उतरत नाही' म्हणत तो बरेच दिवस फिरत होता. आत खिळा. खिळा हलून हलून भोक एवढं मोठं केलेलं की स्ट्रिप (भोकात टोच्याने घुसवायची चिकट रबरी पट्टी) मारली तरी फुसफुस. जेल नसतं तर हवा गेली असती, दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला असता आणि टायर वाचला असता.

धूळधाण:
तुझा धंदा बुडतो म्हणून बोलतोयस. रात्री सामसूम रस्त्यावर चाक बसल्यावर तू येणार का टोच्या घेऊन? माझ्या बायकोची गाडी तशीच बसली होती, ढकलत आणली तिने. त्या दिवशी ठरवलं.

टोच्या:
धंदा बुडायचा असता तर बरं झालं असतं, तुमच्या जेलने दुप्पट काम लागतं. वहिनींना त्रास झाला हे वाईटच. पण ट्यूबलेस होता ना? स्ट्रिपचा किट आणि छोटा पंप सीटखाली मावतो. खिळा उपटायचा, भोक घासायचं, स्ट्रिप घुसवायची, हवा भरायची. बाजूच्या भिंतीला चीर गेली तर किट चालत नाही, आणि जेलही चालत नाही, हे डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

निवांत_स्वार:
सगळ्यांच्या हाताला जमत नाही हो ते. माझ्या वडिलांनी टोच्या मारताना तळहात फोडून घेतला. मी जेलच्या बाजूने.

खडीवाट:
आणि जेल उभ्या गाडीत खाली साचतं. पहिल्या काही किलोमीटरला हँडल थरथरतं.

धूळधाण:
माझं नाही थरथरत. तुझं बेअरिंग बघ.

खडीवाट:
नाचता येईना, अंगण वाकडं! वजन आहे तर एका बाजूला जाणारच. वर ते वाळतं, मग त्याचे गोळे होतात. ट्यूबलेस टायरात ट्यूब कोंबणारे आणि हे, दोघांना एकाच रांगेत उभं करायला हवं.

टोच्या:
ट्यूब कोंबणाऱ्यांचं नाव काढू नका. रिम वाकली की ती सरळ करून घ्यायची सोडून आत ट्यूब. मग खिळा लागला की सगळी हवा एका दमात जाते. ट्यूबलेसची हवा सावकाश उतरते, थांबायला वेळ मिळतो, तोच तर फायदा होता.

धूळधाण:
बरं बाबा, दर वर्षी टायर उतरवून जुनं जेल काढून नवीन भरतो. खूश? पण काढून टाकणार नाही.

टोच्या:
वर्षाने करताय तर वादच नाही. करणारे तुम्ही पहिलेच भेटलात. फक्त माझ्याकडे आणू नका.

रबरप्रेमी:
माझ्या विषयाचं काय झालं? स्टिकर शोधला आज. चिखल खरवडला तेव्हा दिसला. पुढे 25, मागे एकट्याला 28, डबलसीट 32. 41 कुठेच नाही. भरली तेवढी. पुढचं चाक खड्ड्यात कमी उडतंय, असं वाटतंय तरी. पण मागचा टायर काढणार नाही.

स्विंगआर्म:
ते आकडे 100/90 साठीचे आहेत. तुमच्या 130 ला ते लागू आहेत की नाही, हे स्टिकर सांगणार नाही.

रबरप्रेमी:
म्हणजे आता स्टिकरवरही विश्वास ठेवू नको?

खडीवाट:
ठेवा ना. म्हणूनच 100/90 घाला.

धूळधाण:
गेजवर हिरवं काहीतरी आलंय. काटा हलत नाही.

टोच्या:
जेल आहे ते. मोजताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला येईल असं चाक फिरवून थोडं थांबा, मग लावा. गेज आताच धुवा, वाळलं तर फेकून द्यावा लागेल.