‘ओव्हर द काउंटर’ला काय म्हणायचं?

खाडीकाठ: ठाण्यात आमच्या सोसायटीच्या ज्येष्ठांसाठी औषधांबद्दल पत्रक काढतोय. मूळ मजकुरात जागोजागी ‘ओटीसी’, म्हणजे ओव्हर द काउंटर, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधं. मी ‘विनाचिठ्ठी औषधे’ लिहिलं, तर तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी ते कापून ‘अनिर्देशित औषधे’ केलं. कोणाला काय कळणार?

शुद्धमती: मास्तरांचं बरोबर आहे. चिठ्ठी लॉटरीत निघते. छापील मजकुराला भारदस्त शब्द हवा.

सेक्टर सतरा: ‘चिठ्ठी आहे का?’ हे वाशीतल्या कुठल्याही मेडिकलवाल्याचं पहिलं वाक्य. इंग्रजांनी ‘चिट’सुद्धा आपल्याच चिठ्ठीवरून उचलला. नाहीतर ‘गल्ल्यावरची औषधं’ म्हणा. गल्ला आपल्याकडे फारसीतून आला, अर्थ धान्य.

शुद्धमती: म्हणजे फारसी चालतं, संस्कृत टोचतं. छान.

परवानाधारक: नेरुळला माझं मेडिकल आहे. शब्द सापडत नाही, कारण कायद्यातच हा प्रकार नाही. 1940 चा औषधांचा कायदा घ्या, त्याखालचे 1945 चे नियम घ्या, ओटीसीची व्याख्या कुठेच नाही. नियमांच्या शेड्यूल एच, एच-1 किंवा एक्समध्ये नाव असेल त्याला चिठ्ठी. उरलं ते बिनचिठ्ठीचं. पण बिनचिठ्ठीचं म्हणजे बिनपरवान्याचं नव्हे. वाण्याला पॅरासिटामॉल विकायची मुभा शेड्यूल केमध्ये आहे, ती जास्तीत जास्त 1,000 वस्तीच्या गावात. नेरुळात कुठली?

शुद्धमती: शेड्यूल नव्हे, अनुसूची.

कोपरीकर: आमचा वाणी बाम विकतो की राजरोस.

परवानाधारक: डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. बहुधा ‘आयुर्वेदिक औषध’ असेल. ते विकायला परवाना लागत नाही.

सेक्टर सतरा: मग बाकीचंही मिळू द्या ना. ब्रिटनमध्ये अशा औषधांच्या बांधलेल्या किमती 2001 मध्ये उठल्या आणि सुपरमार्केटांनी लगेच भाव पाडले. इथे एमआरपी म्हणजे जणू दगडावरची रेघ.

परवानाधारक: एमआरपीच्या वर घ्यायला बंदी आहे, खाली नाही. पण किंमत नियंत्रणातल्या औषधावर दुकानदाराचं मार्जिन 16 टक्के धरलंय. त्यात गाळ्याचं भाडं, फार्मासिस्टचा पगार. आणि ब्रिटनचं अर्धंच सांगितलंत. तिथे सुपरमार्केटात पॅरासिटामॉलचं पाकीट 16 गोळ्यांचंच. जास्त झाल्या तर यकृत जातं म्हणून.

कोपरीकर: ग्राहकाच्या यकृताची एवढी काळजी, मग नव्या स्टॉकिस्टला, म्हणजे घाऊक विक्रेत्याला, तुमच्या संघटनेचं ‘ना हरकत’ कशाला लागायचं? स्पर्धा आयोगाने 2013 मध्ये त्यावरून फटकारलंय केमिस्टांच्या अखिल भारतीय संघटनेला.

परवानाधारक: तो मुद्दा वेगळा.

कोपरीकर: असणारच.

शुद्धमती: स्टॉकिस्ट, मार्जिन! मार्जिनला नफा म्हणता येत नाही?

परवानाधारक: नाही. मार्जिनमधून खर्च जाऊन काही उरलंच, तर तो नफा.

सेक्टर सतरा: मग दलाली?

परवानाधारक: दलाल कोणाला म्हणताय?

खाडीकाठ: अहो, पत्रक शनिवारी छापायला जातंय. विनाचिठ्ठी की बिनचिठ्ठी, तेवढं सांगा.

शुद्धमती: ‘विना’ संस्कृत. त्याच्यापुढे चिठ्ठी शोभत नाही.

सेक्टर सतरा: आणि विनातिकीट?